मूठ

सकाळी साडेपाचला स्कूटर काढतो.
पायाशी निळी बर्फाची पेटी, सुया, कापूस, नावांची यादी.
टागोर नगरातले सुर्वे, उपाशीपोटी साखर.
पवईत चौदाव्या मजल्यावर एक धिप्पाड तरुण,
सुई दिसली की लहान होणारा.

त्याला सांगतो, मूठ आवळा.
इकडे नका बघू, त्या कबुतराकडे बघा.
मुंगी चावल्यासारखं होईल, एवढंच.
झालं. सोडा आता मूठ.

लोक म्हणतात, वायंगणकर, हात हलका आहे हो तुमचा.

याच हाताने काल रात्री
मी कंपासपेटी भिंतीवर मारली.
शार्दूलच्या भागाकारात बाकी उरत होती
भाजकापेक्षा मोठी.
तीनदा नीट सांगितलं. चौथ्यांदा ओरडलो,
आणि ओरडताना माझ्याच घशातून
अण्णांचा आवाज आला, त्यांच्या खोकल्यासकट.
कर्कटक कपाटाखाली गेलं.
ते काढायला तो पालथा झोपला
आणि बराच वेळ उठलाच नाही.

वृषालीची दुपारपाळी. ती दहाला येते.
तिला मी सांगितलं, पेटी पडली.
तिने भिंतीवरचा टवका पाहिला,
मग पोळ्यांचा डबा उघडला.

कन्नमवार नगरात आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही.
दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यामधल्या वळणावर
सिमेंटची जाळी आहे, जाळीतून
थोडी खाडी दिसते आणि पुष्कळ वास येतो.
संध्याकाळी तिथे मी थांबतो.
घरचा हप्ता, शाळेची फी, अण्णांच्या गोळ्या,
लॅबवाल्यांनी पेट्रोलचे कापलेले पैसे,
सगळं त्या पायरीवर ठेवून बघतो.
कधी पाच मिनिटं. कधी वरच्या राणे वहिनी
पिशव्या घेऊन येतात, आणि मी
उगाच बुटाची लेस बांधतो.
माझ्या बुटांना लेस नाही.

आज तिथे आधीच कोणीतरी बसलं होतं.

दप्तर मांडीवर. युनिफॉर्मचं वरचं बटण गायब.
पायरीवर पेन्सिलीचा भुसा, आजचा, कालचा,
त्याच्याही आधीचा.

इथे काय करतोस रे?
काही नाही.
मग म्हणाला, शंभरपर्यंत मोजतो. मग वर जातो.
रोज?
रोज नाही. पेपर मिळाला की.
जरा थांबून त्याने विचारलं,
बाबा, तू किती मोजतोस?

मी काही बोललो नाही.
जाळीपलीकडे दिवे लागत होते,
हायवे आपला घरघरत होता.
त्याने पेपर काढला. वीसपैकी सहा.
मी निळी पेटी उलटी करून त्यावर सही केली,
रोज नळ्यांवर नावं लिहितो त्याच पेनाने.
सही जरा जास्तच सुवाच्य आली.
बाकी, मी म्हणालो, भाजकापेक्षा लहान...
माहितेय, तो म्हणाला, घरी आठवत नाही.

कितव्या आकड्यावर होतास?
चौसष्ट.
मग पासष्टपासून आम्ही दोघांनी मोजलं,
तो मोठ्याने, मी मनात,
ब्याऐंशीला राणे वहिनी आल्या
आणि आम्ही दोघांनी लेस बांधल्या.

हे इथे संपलं असतं तर बरं होतं.

सकाळी मी पुन्हा ओरडलो. मोज्यावरून.
एकच मोजा सापडत होता, रिक्षावाला हॉर्न देत होता,
मला सातला मुलुंडला पोहोचायचं होतं.
तो दारात उभा राहिला, एक पाय उघडा.
रडला नाही. माझ्याकडे न बघता
खिडकीतल्या कबुतराकडे बघत
त्याने हात पुढे केला, मूठ घट्ट आवळलेली,
जशी माझ्यापुढे रोज वीस-पंचवीस माणसं करतात.

सोड, मी म्हणालो.

आत खोडरबर होता, अर्धा चावलेला,
घामाने ओला.