चाळीस मिलिअँपिअर

पुन्हा ढकलत आणलीस ना, येर्को,
पुंता अरेनासच्या या वाऱ्यात, चढावरून,
जिथे रिकाम्या हातांचा माणूसही खांब धरून चालतो.
मिशीवर बर्फ आहे तुझ्या. पूस.
बटण दाबलंस तर नुसतं टक्.
पुन्हा टक्.
म्हाताऱ्याने जीभ टाळ्याला लावून
नाही म्हणावं तसं.

एप्रिलपासून ही तिसरी बॅटरी.
दर वेळी दोष तिचाच कसा असेल?
सीट काढ. कॉफी तिकडे, स्टोव्हवर.

मी निगेटिव्हची तार सोडवते,
मधल्या फटीत मीटर बसवते
आणि आता किल्लीला हात लावायचा नाही.
झोपलेल्या गाडीचा श्वास मोजायचा आहे.

एकशे बारा.
ही झोप म्हणायची?
हे तर रात्रभर कूस बदलणं.
बारा अँपिअर-तासांची एवढीशी बॅटरी तुझी,
साडेचार दिवसांत कोरडी ठाक.
थेंबे थेंबे तळं आटतंही, बाबा.

एकेक फ्यूज उपटते, तू आकडा वाच.
फोनचा सॉकेट, त्यात तो निळा दिवा,
कोणी बघत नसताना जळणारा: अडतीस.
मुठी गरम करायचं यंत्र
बंद असूनही नऊ.
आणि अलार्म, चोर येऊ नये म्हणून लावलेला: तेवीस.
कुंपणानेच शेत खाल्लं.
या गावात मोटारसायकल चोरतो कोण?
चोरून जाईल कुठे? पुढे पाणीच आहे.

घड्याळाचे दोन. ते मी त्याला देते.
बिचारं जागून वेळ सांभाळतं.

पण मीटर बेचाळीसवर अडलंय.
सगळे फ्यूज माझ्या तळहातावर,
आणि हे चाळीस
कोणाच्याच नावावर नाहीत.

टॉर्च धर. खाली, मडगार्डच्या आत, अजून आत.
हे बघ.
काडेपेटीएवढी काळी डबी,
लाल तार थेट बॅटरीला,
फ्यूजला न विचारता.
वरून सुतळी घट्ट आवळलेली.

कापणार होते.
तू माझं मनगट धरलंस.

ही गाठ, म्हणालास, खेकड्यांच्या सापळ्याला मारतात ती.
उलटा वेढा घालून.
आमच्या घरात एकच माणूस असा वेढा घालतो.

तार मिल्टनने जोडली असणार, तुझ्या मावसभावाने.
गाठ ओर्फेलियाबाईंची.

मग तू बराच वेळ कॉफीचा कप फिरवत राहिलास.
म्हणूनच, म्हणालास,
फेरीतून उतरून पोर्वेनिरच्या घरी पोचतो
तेव्हा सूप नेमकं गरम असतं.
मला वाटायचं, आईला कळतं.

तुझे वडील त्या सामुद्रधुनीत
तीन रात्री बोटीसकट बेपत्ता होते,
हे गावात सगळ्यांना माहीत आहे.
चौथ्या सकाळी आले, दाढीत मीठ घेऊन,
हसत.
ती हसली नव्हती म्हणे.

हे बघ, माझ्याकडे रिले आहे.
किल्ली फिरवली की डबी जागी,
किल्ली काढली की मेली.
बॅटरी महिनोन् महिने टिकेल.

आणि रात्री? तू विचारलंस.
रात्री तिच्या फोनवर ठिपका?

जुना दिसेल. किंवा दिसणारच नाही.

बाहेर पत्रा वाजत होता.
तू काही बोलला नाहीस,
मीही पाना खाली ठेवला.

म्हणून असं केलं:
सॉकेट, मुठी, अलार्म रिलेवर टाकले.
किल्लीबरोबर उठतील, किल्लीबरोबर निजतील.
डबीला तिचा स्वतःचा छोटा फ्यूज दिला,
निदान आग तरी लागायला नको.
चाळीस अधिक दोन. बारा दिवस पुरेल बॅटरी,
या थंडीत आठ धर.
दर रविवारी चार्जरला लाव. विसरलास तर ढकल.

बिलावर लिहिलंय:
रिले एक, फ्यूज एक, मजुरी दीड तास.
गाठीला हात लावला नाही.

गाडी आज इथेच राहू दे, सकाळपर्यंत भरेल.
आणि घरी फोन कर, आत्ताच.
ठिपका रात्रभर माझ्या गॅरेजवर दिसला
तर बाई मलाच उठवतील.