माध्यम : इतर

फॉर्म भरून घ्यायचं काम माझ्याकडं, सतरा वर्षं झाली.
जिन्याखाली टेबल, स्टॅम्पपॅड, सेलोटेप,
अन् समोर स्थानिक कलावंतांची रांग :
अंबाझरीचा सूर्यास्त, अंबाझरीचा सूर्यास्त,
झिरो माईल धुक्यात
(एवढं धुकं नागपुरात कधी पडलं, देव जाणे),
निवृत्त पोस्टमास्तर उमाळेंची संत्री,
दर साली एक जास्त.

देवाजी हेडाऊ टिमकीहून आला, लुनावर,
पोत्यात गुंडाळलेला पत्रा घेऊन.
पोतं सोडलं तर कूलरचं तोंड.
बारा तिरप्या पट्ट्या, घासूनपुसून,
त्यांच्यावर निळा. नुसता निळा.
माध्यम? मी विचारलं.
"उन्हाळ्यात कूलर भरतो जी. हिवाळ्यात काई नसते."
मी लिहिलं : इतर.
किंमत?
तो बराच वेळ बंद पंख्याकडं पाहत राहिला.
"भंगारवाला दोनशे देत होता. तेच लिवा."

शनिवारी परीक्षक आले, तिघं.
हॉलभर एकशे बारा कामं, जमिनीवर, भिंतीला टेकवून.
त्यांच्यामागं मी, खडू घेऊन.
होकार असला तर फरशीवर टिक,
नसला तर चित्र उलटं करायचं, तोंड भिंतीकडं,
शाळेत आम्हाला उभं करायचे तसं.
कूलरपाशी एक म्हणाले, रंग सपाट आहे.
दुसरे म्हणाले, वस्तू बरी, पण म्हणायचंय काय?
बाई जरा वाकल्या,
तेवढ्यात त्यांचा फोन वाजला.
मी उलटं केलं.

फोन फक्त निवडलेल्यांना जातो.
म्हणून उद्घाटनाला देवाजी आला,
इस्त्रीचा शर्ट, बरोबर पोरगी, मोनाली, चौथीतली,
नव्या चपला करकर वाजणाऱ्या.
दोघांनी भिंत न् भिंत पाहिली.
संत्र्यांपाशी पोरीनं मोजलं : अठरा.
मग तो माझ्याकडं आला
अन् काहीच विचारलं नाही.

खेळाच्या खोलीत, हॉकी स्टिकांच्या मागं होता तो पत्रा.
मी दिवा लावला, पत्रा सरळ केला,
पुढच्या वर्षी नक्की, असं काहीतरी ओठांवर आलं होतं,
पण पोरगी तोवर फरशीवर आडवी झालेली,
नव्या फ्रॉकासकट.
"काका, असं पाहा लागते.
उन्हाळ्यात आमी खालीच झोपतो न."

गुडघे वाजवत मीही पडलो.
पट्ट्यांच्या पोटात, जिथं उभ्या माणसाचा डोळा जात नाही,
अख्खी गल्ली झोपली होती.
गच्च्यांवर नखाएवढी माणसं,
कोणी पालथं, कोणी दुपट्टा तोंडावर घेतलेलं,
एका म्हातारीचा हात सुरईवर,
लाईट गेलेला खांब,
खांबाखाली विडीचा एक लाल ठिपका.
"हे डुमनबाई. हा भोजूमामा, लय घोरते. हे मी."
अन् बाबा?
"बाबा मागून पाणी टाकून राहिले न कूलरमध्ये.
ते कसे दिसतील?"

वर लाऊडस्पीकरवर पाहुणे
मातीच्या गंधाबद्दल बोलत होते.
कोणीतरी मला हाक मारली, शालिक, चहा!
देवाजी दारातच उभा,
खोलीत पडलेल्या आम्हा दोघांकडं पाहत,
पट्ट्यांकडं नाही.

परतीच्या पावतीत शेऱ्याचा एक रकाना असतो.
सतरा वर्षं कोराच.
मी लिहिलं : पडून पाहावे.
खाली शिक्का मारला, तो उलटा बसला.

सुतळी माझ्याचकडची.
पोरगी मागं, पत्रा दोघांच्या मधे उभा धरलेला,
लुना गेटातून उजवीकडं वळली,
मेयोच्या चौकापर्यंत रस्ता मोकळा असावा,
कारण वारा लागला तशा पट्ट्या
वाजत वाजत गेल्या, बराच वेळ ऐकू आल्या.