रकाना चौदा

भविष्य निर्वाह निधीच्या खिडकीत मी एकवीस वर्षं बसलो.
भविष्य मला माहीत नाही, खिडकी माहीत आहे.
तिचे गज मे महिन्यात हात लावू देत नाहीत,
तरी त्यांवर टेकलेली बोटं, तंबाखूनं पिवळी.

त्या दिवशी रांगेत पुष्पलता येमूल होत्या.
वर्तमानपत्रातल्या फोटोपेक्षा बुटक्या,
आईला दंडाला धरून.
ह्या बाईंचा अहवाल आम्हाला प्रशिक्षणात होता:
"जोखीम ही एकट्यानं वाहायची वस्तू नाही."
परीक्षेत हमखास यायचं. दोन गुणांना.

म्हातारी बोलकी निघाली.
"हिला गणित म्या शिकवलं की ओ.
हजार विड्या वळायच्या, शंभर छाट जायच्या,
पानं हजाराची, मजुरी नऊशेची.
राजव्वाच्या नवऱ्याचा हात मागात गेला तवा
गल्लीतल्या अठरा जणींनी
रोज एक कट्टा तिच्या सुपात टाकला. पाच महिने.
कुणी विचारलं न्हाई, तू मागं टाकला होतास का.
ही सुपाजवळ बसून मोजायची.
दिल्लीला जाऊन तेच मोजली, मोठ्या वहीत."

बाई हसल्या नाहीत.
अहवालात सूप नाही.
"अनौपचारिक परस्पर साहाय्य" आहे,
पान एकशे बारा, तळटीप.

मग मी अर्ज पाहिला.
कार्डावर नरसम्मा, आधारवर नरसुबाई,
कारखान्याच्या रजिस्टरात नुसतं न. येमूल.
रकाना चौदा: नावात तफावत, दावा प्रलंबित.
खोटे दावे रोखायला समितीनं घातलेला.
अध्यक्षांची सही मला पाठ आहे,
माझ्या मागच्या भिंतीवर, परिपत्रकाखाली.

"मॅडम, हा रकाना..."
"माझाच," त्या म्हणाल्या.
"तेव्हा हिशेब केला होता,
शंभरात दोघांना त्रास होईल."

त्या वळून रांग मोजू लागल्या, ओठ हलवत.
किती निघाल्या ते सांगितलं नाही.

तेवढ्यात म्हातारीनं आपणहून अंगठा यंत्रावर ठेवला.
यंत्राला वाचता येईना.
साठ वर्षांच्या पानांनी रेघा नेलेल्या.
"माझाच हाय," ती यंत्राला म्हणाली,
"घासलाय नुसता."

मी शिक्का मारला. जांभळी शाई जरा पसरली.
बाईंनी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला,
आईला बाकावर बसवलं,
आणि रांगेतल्या दुसऱ्या बाईकडं हात पुढं केला:
"तुमचा अर्ज बघू."