हिरवं वांगं

अकरा डबे गेले सव्वादहाला.
बारावा लोकोशेडच्या तडवींचा,
ते ड्यूटीवरून उतरले की स्वतः नेतात
आणि नेताना झाकण उघडून बघतात, रोज,
जणू आजच मी दगड भरून देणार आहे.

मग ओटा पुसायचा.
कोरडा, ओला, पुन्हा कोरडा,
कारण याच ओट्यावर आता फेल्ट पसरायचं.
हळदीला फेल्ट फार आवडतं,
एकदा आली की नांदायलाच येते.
मागे एक पांढरा ससा केला होता,
त्याच्या पोटावर माझ्या अंगठ्याचा पिवळा ठसा.
घासला, उन्हात टाकला,
शेवटी त्याला पिवळी बंडी शिवली.
तोच आधी खपला.

भुसावळचा मे महिना.
पंखा लावला की कापलेले कान घरभर उडतात,
बंद केला की हत्तीच्या पाठीवर घाम टपकतो.
माझा, हत्तीचा नव्हे.
दारातून निर्मलाबाई विचारतात,
"कोकिळा, काय करू राह्यली व?"
"वांगे शिवू राह्यली."
"बरं. भाजू नको म्हंजे झालं."

पुण्याच्या एका बालवाडीला भाज्या हव्या होत्या,
तीस संच. टोमॅटो, गाजर, मुळा, वांगं.
नमुन्याचा फोटो पाठवला.
तासाभरात उत्तर:
छान आहे ताई, पण वांगं हिरवं का?
जांभळं करा. मुलांचा गोंधळ होईल.

मी फोन तांदळाच्या डब्यावर ठेवला
आणि कणीक मळत राहिले.
वांगं हिरवंच असतं की.
हातभर लांब, पोपटी, अंगावर पांढरे ओघळ.
बाबा बामणोदहून पोतं आणायचे, एकेक उचलून बघायचे:
जड ते बियांचं, ते बाजूला.
हलकं ते भरताचं.
मग पळाट्यांचा जाळ, काळी पडलेली सालं,
बडजीत मिरच्यांबरोबर धपाधप,
आणि आईचे डोळे धुरानं लाल,
त्याला ती रडणं म्हणू द्यायची नाही.

माझ्या वांग्यात तर बी एकही नाही.
आत जिनिंगमधला कापूस,
चुलतभावानं पिशवीभर आणून दिलेला.
बाबांनी उचलून पाहिलं असतं तर म्हणाले असते, घे.

पण ऑर्डर ती ऑर्डर.
जांभळं फेल्ट भुसावळात मिळालं नाही.
संध्याकाळच्या डब्यांना नुसती खिचडी टाकली,
वर शेंगदाण्याचं तेल, सोबत भाजलेला पापड,
आणि बसनं जळगाव गाठलं.
दुकानदार म्हणाला, मीटरला शंभर.
मी म्हटलं, नव्वद.
तो म्हणाला, ताई, तुम्ही एका वांग्याचे चाळीस घेता.
त्याला कसं कळलं कोण जाणे.
पंचाण्णवला घेतलं.

तीस जांभळी वांगी झाली.
चांगली झाली, खोटं का बोलू.
खोक्यात ओळीनं निजवली
तर लग्नातल्या वऱ्हाड्यांसारखी दिसत होती,
एकाच गाठोड्यातले फेटे बांधलेली.
नमुन्याचं हिरवं तेवढं ओट्यावर उरलं.
खोकं चिकटपट्टीनं बंद करता करता
मी ते आत सारलं,
मुळ्यांच्या मागे.
का, ते विचारू नका.

दहाव्या दिवशी पैसे आले.
खाली निरोप:
सगळं मिळालं. मुलं खूश आहेत.
एक काकडी जास्तीची आली आहे,
परत पाठवू का?

मी बराच वेळ काहीच लिहिलं नाही.
कुकरची तिसरी शिट्टी झाली.
मग लिहिलं: राहू द्या.
देठ ओढू देऊ नका फक्त,
तो मी घाईत एकाच टाक्यानं धरलाय.

तडवी आले. झाकण उघडलं.
आज भरीत होतं.
त्यांनी पाहिलं, झाकण लावलं,
आणि पहिल्यांदाच विचारलं,
"उद्या पण?"