आपलेच दात

कंपनीच्या योजनेत एक सेशन फुकट.
एकच. पन्नास मिनिटं.
पुढचं हवं असेल तर साठ पौंड,
नाहीतर सरकारी रांगेत सात महिने.
मी बसमध्ये भागाकार केला:
मिनिटाला एक पौंड वीस पेन्स.
आणि यादी करून गेले,
वाण्याकडे नेतात तशी.
झोप. जबडा. चिडचिड.
चौथ्या ओळीवर ‘दादा’ लिहिलं आणि खोडलं.
खोडलेलं वाचता येत होतं,
म्हणून पुन्हा गिरवून खोडलं.

पर्थ रोडवर, चष्म्याच्या दुकानावरची खोली.
तिचं नाव आयली. माझ्याहून लहान.
पायात हिरवे लोकरीचे मोजे, एकाला भोक.
घड्याळ माझ्या पाठीमागे, फक्त तिला दिसेल असं.
मी खुर्ची जरा तिरकी करून घेतली.

सांगितलं, मी दात बनवते.
दुसऱ्यांचे. आधी मेणात, मग ॲक्रिलिकमध्ये.
डंडीतल्या निदान चारशे म्हाताऱ्या
माझ्या दातांनी हसतात.
आणि रात्री झोपेत मी माझे स्वतःचे झिजवते,
इतके, की डेंटिस्टनं हात टेकले:
हे काम माझं नाही, कुणाशी तरी बोला.

तिनं विचारलं, राग येतो?
नाही, म्हटलं.
मग बावीस मिनिटं बोलले
पार्किंगच्या दंडाबद्दल,
भिंतीपलीकडच्या कॅलमच्या ड्रिलबद्दल,
आणि बॉयलरबद्दल तर असं,
की जणू तीच दुरुस्त करून देणार आहे.
सव्वीस पौंड चाळीस पेन्स.

ती जरा थांबली. म्हणाली,
“ते खोडलेलं काय आहे?”
कागद माझ्या मांडीवर उघडाच होता.

आपलेच दात आणि आपलेच ओठ.
मी याचं इंग्रजी केलं
तर ती माझ्या तोंडाकडे बघायला लागली.
तसं नाही, म्हटलं. म्हणजे,
चावलं तर तक्रार कुणाकडे करायची, असं.
“इथे करा,” ती म्हणाली.

बाबा गेले तेव्हा माझी परीक्षा चालू होती.
दादा परतवाड्याहून रोज फोन करायचा. अकरा दिवस.
बाबांना दे म्हटलं की म्हणायचा, झोपलेत.
सकाळी झोपलेत. संध्याकाळी झोपलेत.
मी विचारलंसुद्धा, कुंभकर्ण झालेत की काय?
तो हसला.
बाराव्या दिवशी त्यानं व्हिडिओ लावला.
आधी हार दिसला, मग फोटो.
सगळे म्हणाले, तुझ्या भल्यासाठीच.
पास झाले ना मी. पहिल्या वर्गात.
नऊ वर्षं मीही तेच म्हणतेय,
माझ्या भल्यासाठीच. दुसरं काय करणार होता बिचारा.
पण हसला तो.

“हसला, हे तुम्ही तीनदा सांगितलंत,” आयली म्हणाली.
मी मोजलं नव्हतं.
पेन्स मोजणारी मी.

रडले नाही. एकदा वाटलं, रडायला हवं होतं,
वसूल झालं असतं.
फक्त खालचा जबडा वरच्यापासून सुटला,
साच्यातून दात सुटतात तसा, बारीक आवाज करून,
आणि तोंड उघडंच राहिलं.
तिनं पाण्याचा पेला पुढे सरकवला.
नंतर काय बोललो ते आठवत नाही.
चार मिनिटं जास्त दिली तिनं,
हे खाली रस्त्यावर आल्यावर कळलं.

टे नदीवरून धुकं वर चढलं होतं.
समुद्रावरून येणाऱ्या या धुक्याला
इथले लोक ‘हार’ म्हणतात.
पूल अर्ध्यावर पुसलेला.
पाच वाजत आलेले, म्हणजे तिकडे साडेदहा.
मी बसस्टॉपवरूनच फोन लावला.
वहिनीनं उचलला.
“अगं, एवढ्या रात्री? हे झोपलेत.”

उठव, म्हटलं.