पांढरी पेटी

सोनेगावला, विमानतळाच्या बाजूला,
गवतावर एक पांढरी पेटी आहे.
झडपांची, चार पायांवर उभी,
आत सावलीत पारा.
शहराचं ऊन तिथे मोजतात.
काल पंचेचाळीस पूर्णांक दोन.

मी मोजतो तांडापेठेत.
गळ्यात महापालिकेचं ओळखपत्र, अकरा महिन्यांचं.
हातात पिस्तुलासारखं यंत्र,
डोक्याला ओला दुपट्टा, खिशात कांदा.
कांदा आईनं ठेवला,
यंत्रावर तिचा भरवसा नाही.

प्रपत्र क्रमांक चार.
छत? टिनाचं.
खिडक्या? एक, शेजारच्या भिंतीत उघडणारी.
कूलर? आहे. पाणी? एक दिवसाआड.
साठीच्या वरचे? एक.

ती एक म्हणजे गिरजाबाई नंदनवार.
माग विकून नऊ वर्षं झाली
पण मागाचा खड्डा बुजवला नाही.
दुपारभर त्यातच पाय सोडून बसते.
मी यंत्र वर धरलं : अठ्ठावन्न.
खाली, तिच्या पायांशी : छत्तीस.

"काय लिहून राहिला बापू?"
"धोका, आजी."
"कोनाचा?"

मग तिनंच भिंत दाखवली.
निळ्या डिस्टेंपरवर मातकट रेघ,
माझ्या गुडघ्याच्या चार बोटं वर.
"नाल्याचं पानी. रातच्याला आलं.
पयले खड्डा भरला, मंग मी उठली."

मी म्हटलं, पुराचं प्रपत्र वेगळं असते,
विभागही वेगळा, माणसं जुलैत येतील.
"येऊ दे. घर तं एकच आहे न."

संध्याकाळी हपिसात
मी समासात लिहिलेलं वंजारी मॅडमनी वाचलं :
खड्डा. उन्हात सगळ्यात थंड,
पुरात सगळ्यात आधी बुडतो.
त्यांनी चष्मा काढला. काही बोलल्या नाहीत.
दुसऱ्या खोलीतून पुराचा नकाशा मागवला,
उन्हाच्या नकाशावर ठेवला
आणि दोन्ही मिळून खिडकीशी धरले.
लाल आणि निळं.
मावळतीच्या उजेडात
आमचा अख्खा प्रभाग जांभळा.

नवतपा लागायच्या आत चुना आला.
म्हणजे अकरा छतांपुरता आला,
यादीत तेवीसशे होती.
गिरजाबाईचं सातवं.
दोन हात मारले, ब्रश माझाच,
कोपरापर्यंत पांढरा झालो.
वरून गल्ली पाहिली :
गंजक्या टिनांच्या मधोमध अकरा पांढऱ्या पेट्या,
आणि त्यांत पाऱ्याऐवजी माणसं.

खाली येऊन यंत्र धरलं.
शेहेचाळीस.
"आजी, बारा डिग्री उतरलं!"
ती वर पाहीना.
खड्ड्याच्या काठानं विटांचा थर लावत होती,
वीतभर उंच, सिमेंट कालवून,
मिरगाच्या आत वाळायला हवा म्हणून.

"उतरलं तं उतरलं," म्हणाली,
"ते पिस्तूल ठेव बाजूले
अन् ती वीट दे इकडे."