पाव सूर खाली

कामील तारवटीने लग्नाचा सूट शिवून घेतला
आणि पैशांऐवजी गिटार ठेवून गेला
बाबांच्या दुकानात, चोडणला, फेरीधक्क्याजवळ.
पुढल्या बोटीवरून आलो की सोडवतो म्हणाला.
वरची जाड तार नव्हतीच.
तिच्या रिकाम्या खुंटीला बाबा मापाची टेप अडकवायचे.

पहिला सूर मला इनास पोदेराने दिला.
पहाटे साडेपाचला, सायकलच्या दांड्यावरचा भोंगा,
पों पों,
एवढंच बोलायचा तो वाडाभर.
मी तोंडही न धुता
उरलेल्यांतली पहिली तार पिळायचे
ती भोंग्यात बुडून दिसेनाशी होईपर्यंत.
मग बाकीच्या चार तिच्यावरून,
एका बाहीवरून दुसरी बेततात तशा.

गाणी मिळतील तिथून घेतली.
फेरीवरच्या खलाशाच्या रेडिओतून अर्धीच,
कारण बोट मधल्या पाण्यात गेली की आवाज तुटायचा
आणि पुढचं मीच काहीतरी जोडायचे.
(कितीतरी वर्षांनी त्यातलं एक पूर्ण ऐकलं.
माझं कडवं बरं होतं.)
खुरसाजवळच्या लादाईनीतून एक.
देवळातल्या शुक्रवारच्या आरतीतून एक चाल,
जिचा एक सूर
कुठल्याच पडद्यावर सापडेना,
वर नाही, खाली नाही,
दोन पडद्यांच्या मधे कुठेतरी लपून हसत होता.
आठ दिवस शोधला.
शेवटी रागाने तार आडवी ओढली,
तर तिथेच.
बोटाला चीर पडली. बाबा म्हणाले, सुई लागली?
मी म्हटलं, हो.

एकविसाव्या वर्षी पणजीला, लग्नाच्या बँडमध्ये,
कीबोर्डवाल्या लिगोरियोने
माझ्या गिटारीच्या डोक्याला एक चिमटा लावला.
लाल दिवा.
पाव सूर खाली, तो म्हणाला.
दुसरी तार. पाव सूर खाली.
तिसरी. चौथी.
सगळ्या सारख्याच खाली?
बाई, असं चुकायलाही कान लागतो.

मला हसू आवरेना.
पाव सूर!
इनासच्या टोपलीतला, निळ्या प्लास्टिकखालचा, अजून गरम.
त्याच्या भोंग्याच्या रबराला भेग होती,
तिथून थोडा वारा निसटायचा, थोडा सूर,
आणि आमचा आख्खा वाडा
तेवढाच खाली उठायचा, चूळ भरायचा, चहा ठेवायचा.

हिरवा दिवा लागेपर्यंत तारा चढवल्या.
सहावीही घातली.
आता लग्नं वाजवते, पैसे बरे मिळतात,
आणि चोडणला आले की
दार लावून सगळ्या थोड्या थोड्या उतरवते.

पाव आता इनासचा मुलगा आणतो, स्कूटरवरून.
हॉर्न बॅटरीचा. मी चिमटा लावून पाहिलं, अचूक आहे.
कुत्रीसुद्धा उठत नाहीत.